हेमंताचा चौथा दिवस, मुक्काम वत्सगुल्म

अकोल्याहून दुपारी निघालात तेव्हा एसटीच्या खिडकीतून झळ येत होती. ऑक्टोबर सरला तरी पयनघाटात उकाडा रेंगाळतो. पातूरचा घाट चढलात, मेडशीचं जंगल मागं पडलं, आणि मालेगावला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या आजींनी पदर कानावरून ओढून घेतला. जुन्या वऱ्हाडाचे हे दोन भाग: खालचा पयनघाट, वरचा बालाघाट. वाशीम बालाघाटात, अकोल्यापेक्षा साधारण अडीचशे मीटर उंचावर. थंडी इथं लवकर येते.

गावाबाहेर उतरा. सोयाबीनची सोंगणी होऊन गेलीय, मळणीनंतरचं कुटार धुऱ्याकडेला ढीग घालून ठेवलंय. मोकळ्या वावरात ओल आहे तोवर हरभरा पेरून घ्यायची घाई चाललीय. तुरीला पिवळा फुलोरा, पऱ्हाटीवर बोंडं फुटलेली.

आता यातलं एकेक काढून टाका. आधी सोयाबीन, ते इथं गेल्या चाळीसेक वर्षांतलं. मग मिरची, भुईमूग, तंबाखू, पेरू. ही सगळी पोर्तुगीज आल्यानंतरची पाहुणी मंडळी. डांबर उखडा, विजेचे खांब उपटा. ज्वारी राहू द्या. तूर, हरभरा, तीळ, देशी कापूस राहू द्या. काळी माती तर राहणारच. तिच्यावर तुम्ही उभे आहात, सोळाशे वर्षं मागं, आणि समोरच्या नगराचं नाव वत्सगुल्म आहे.

पहाट आहे. अंगावर नुसतं सुती उपरणं, त्यामुळं हात आपोआप काखेत जातात. दव इतकं की ज्वारीची पानं टपटपतायत. पायाखाली मात्र भेगा पडू लागल्यात, आणि इथल्या लोकांचं लक्ष दवापेक्षा त्या भेगांकडे जास्त आहे. चार महिने ही माती म्हणजे राड होती. ती भिजली की गाडीचं चाक आसापर्यंत रुततं, बैल गुडघ्यावर येतात. गावं आपापल्या जागी बंद. आता चाकोऱ्या वाळल्या. दक्षिणेला नंदिकडाकडे, म्हणजे तुमच्या नांदेडकडे, जाणाऱ्या वाटेवर गाड्यांची रांग लागलीय. हिवाळा येतो तो असा, आधी रस्त्यावरून आणि मग अंगात.

गाड्यांच्या मागून राजधानीत शिरा. राजा आहे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा दुसरा विंध्यशक्ती, ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य लिहिणाऱ्या सर्वसेनाचा मुलगा. त्याच्या राज्याचं सदतिसावं वर्ष चालू आहे. एका पडवीत उन्हाच्या पट्ट्यात बसून कारागीर तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं खोदतोय. बोटं गारठलेली, म्हणून मधून मधून छिन्नी ठेवून हात चोळतो. वाकून बघा. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, पण कामाचा मजकूर प्राकृतात. (सरकारी कागदात मोठेपणा एका भाषेत आणि मुद्द्याचं दुसऱ्या भाषेत, ही रीत बरीच जुनी दिसते.)

तिथीपाशी थांबा. हेमंताचा पहिला पक्ष, दिवस चौथा. लेखकानं महिना लिहिलेला नाही. या गणनेत वर्षाचे ऋतू तीनच: ग्रीष्म, वर्षा, हेमंत, प्रत्येकाचे आठ पक्ष. आजच्या हिशेबानं ही कार्तिक वद्य चतुर्थीच्या आसपासची तिथी येते. शरद कुठंच नाही. कवी शरदाच्या चांदण्यावर सर्गच्या सर्ग खर्ची घालोत. राजाच्या दप्तरी पावसाळा संपला की थेट हिवाळा. मला विचाराल तर ही गणना बालाघाटातल्या शेतकऱ्याच्या अनुभवाशी जास्त इमानदार आहे. एक आठवडा घाम पुसायचा आणि पुढच्या आठवड्यात कांबळं शोधायचं, यात तिसऱ्या ऋतूला जागा उरतेच किती?

दान काय दिलंय? नंदिकडाच्या उत्तरेकडच्या भागातलं आकासपद्द नावाचं गाव, अथर्ववेदी ब्राह्मणांना. पुढं सवलतींची लांब यादी आहे, आणि खरी थंडी तिथं आहे. या गावात शिपायांनी शिरायचं नाही. गावानं दूध आणि फुलं द्यायची नाहीत. पाळीपाळीनं बैल जुंपून द्यायचे नाहीत. कातडी आणि कोळसा पुरवायचा नाही. खाटा, स्वयंपाकाची भांडी, हाताखाली माणसं, हेही नाही.

ही यादी उलटी वाचा. म्हणजे शेजारच्या, दान न दिलेल्या गावाची हिवाळ्याची तयारी तुम्हाला दिसेल. तिथं बाई घरातली बरी खाट उचलून दारात आणून ठेवतेय, कारण राजाची माणसं केव्हाही मुक्कामाला येतील. स्वयंपाकाला असो की शेकायला, कोळसा वेगळा काढून ठेवलाय. मुलं जमिनीवर, ज्वारीच्या कडब्यावर झोपणार. वाट मोकळी झाली ती व्यापाऱ्याला, यात्रेकरूला, तशी सरकारलाही.

आता थोडे पुढं या, 1890च्या आसपास. गावाचं नाव वाशीम, साहेबाच्या कागदावर बासिम. जिल्ह्याचं ठिकाण आहे आणि 1905पर्यंत राहील. त्यानंतर अकोल्यात विरघळेल, ते 1 जुलै 1998ला पुन्हा जिल्हा होईपर्यंत. कापसाच्या गाड्या घाट उतरून अकोल्याच्या रेल्वेकडे निघाल्यात. आणि डिप्टी कमिशनरचा थंडीचा दौरा ठरलाय. तंबू आधी पुढं जातील. मागून साहेब, कारकून, चपराशी, घोडे. गावच्या चावडीपाशी उभे राहा.

“पाटील, औंदा खाटा किती लागतीन?”

पाटील उत्तर देत नाही, बोटं मोजतो. कडबा, सरपण, दूध, कोंबड्या, ओझी वाहायला माणसं. पैसे मिळतील असं कागदावर लिहिलेलं असतं. मिळतात त्याला मिळतात. वेठीला जाणाऱ्याच्या अंगावर विरलेली गोधडी, आणि ओझ्यात साहेबाच्या जाडजूड रगांची वळकटी.

परत या. ते ताम्रपट 1939 साली वाशीममध्येच सापडले, वा. वि. मिराशींनी अभ्यास करून प्रसिद्ध केले, म्हणून ती यादी आज आपल्याला वाचता येते. वाकाटकांचं नाव निघालं की आपण अजिंठा बघायला जातो, आणि तो बघावाच. पण हा कोरडा, हिशेबी मजकूरही एकदा वाचा, शक्यतो नोव्हेंबरात, अंगावर पांघरूण घेऊन. त्यातून खाटांची सूट एका गावाला मिळाली. बाकीच्या गावांनी त्या हिवाळ्यात खाटा दिल्या, आणि पुढची दीड हजार वर्षं देत राहिली.