पाण्याचे सूत्र

४ ग्रॅम हायड्रोजन भरपूर ऑक्सिजनात जाळला तर पाणी किती मिळेल? कॉलेजातला मुलगा समीकरण मांडतो, दोन्हीकडचे अणू जुळवतो आणि ३६ ग्रॅम म्हणून मोकळा होतो. श्रोतेहो, मला दरवर्षी वाटते, त्याला विचारावे, बाबा रे, पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे अणू दोनच कशावरून?

क्रियेपूर्वी जेवढे द्रव्य तेवढेच क्रियेनंतर, हे लाव्हाझिएने १७८९ साली ग्रंथात मांडले. जर्मनीतल्या रिख्टरला गणिताचे भारी वेड. आम्ल किती, अल्क किती, हे तोलून तोलून त्याने १७९२ साली या हिशेबाचे ‘स्टॉइकिऑमेट्री’ असे बारसे केले. लिहिणे मात्र इतके क्लिष्ट, की वाचणारे थोडेच.

मग डाल्टन. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग ठाऊक असेल तर एकास एक अणू धरावा, हा त्याचा १८०८ चा नियम. म्हणून पाण्यात एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन. ऑक्सिजनचा अणुभार त्याने ७ धरला. तोलणे सुधारले तसा तो ८ झाला. आता गंमत पाहा. १ आणि ८ मिळून ९, म्हणजे ४ ग्रॅमला पाणी ३६ ग्रॅमच! सूत्र चूक, उत्तर बिनचूक. तराजू बिचारा काय करणार? त्याला वजनांचे प्रमाण कळते, अणू मोजता येत नाहीत.

घोळ असा वाढला, की कोणी ऑक्सिजन ८ मानी, कोणी १६. केकुलेने १८६१ च्या ग्रंथात एकट्या अ‍ॅसेटिक आम्लाची १९ सूत्रे नोंदवली आहेत!

वास्तविक उत्तर केव्हाच हाती आले होते. २ मापे हायड्रोजन आणि १ माप ऑक्सिजन यांची २ मापे वाफ होते, हे गे-ल्युसाकने दाखवले होते. समान तापमान व दाब असता वायूंच्या सारख्या मापांत रेणू सारखेच, आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, असे अव्होगाद्रो १८११ सालीच म्हणाला. डाल्टनला गे-ल्युसाकची मापेच पटली नाहीत. अव्होगाद्रो १८५६ साली वारला. त्याच्या म्हणण्याचे चीज झाले नव्हते.

१८६० च्या सप्टेंबरात कार्ल्सरूहला शंभरावर रसायनशास्त्रज्ञ जमले. वाद झाले, निर्णय काही झाला नाही. अणुभार हात वर करून थोडेच ठरतात! इटलीच्या कॅनिझारोने अव्होगाद्रोचा धागा धरून १८५८ साली एक लहानसे पुस्तक लिहिले होते. परिषद उठताना पावेसी या त्याच्या स्नेह्याने त्याच्या प्रती वाटल्या. लोथार मायरने ती खिशात घातली आणि परतीच्या वाटेवर वाचून काढली. घरी पोचल्यावर पुन्हा वाचली.