अंग बाहेर येणं आणि एका व्यायामाचा इतिहास

कर्जाचे हप्ते आपण बैठकीत सगळ्यांसमोर बोलतो. पण खोकलं की लघवी सुटते, हंडा उचलला की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, हे वह्या मिटल्यावर कानात सांगितलं जातं. आज आपण ते मोठ्यानं बोलू.

हे दुखणं फार जुनं. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात हिप्पोक्रेटिस या वैद्याच्या नावानं चालत आलेल्या ग्रंथांत अंग बाहेर येण्यावर उपाय दिलेत. बाईला शिडीला उलटं बांधायचं, डोकं खाली, पाय वर, आणि शिडी हलवायची, म्हणजे अंग आत जाईल! जुन्या ग्रीक वैद्यांनी अर्धं डाळिंब आत बसवल्याच्याही नोंदी आहेत. आज डॉक्टर आधाराला रिंग बसवतात, ती त्या डाळिंबाचीच नात म्हणायची. पुढे शस्त्रक्रिया आल्या. आपल्या मुंबईचे डॉ. शिरोडकर यांनी तरुण बायकांचं गर्भाशय न काढता ते वर बांधून घ्यायची शस्त्रक्रिया बसवली.

पण हे सगळं अंग उतरल्यावरचं. ते ज्याच्या आधारानं राहतं, तिकडे लक्ष उशिरा गेलं. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर विसावतात. बाळंतपणं, जड ओझी, जुना खोकला, शौचाला कुंथणं, वाढतं वय, यांनी झोळी सैल पडते.

लंडनमध्ये मार्गारेट मॉरिस नावाची नर्तकी होती. ती नृत्य शिकवता शिकवता फिजिओथेरपी शिकली. सेंट थॉमस हॉस्पिटलच्या मिनी रँडल यांच्यासोबत तिनं १९३६ मध्ये बाळंतिणींच्या आणि ऑपरेशननंतरच्या व्यायामांचं पुस्तक काढलं. मग १९४८ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचे डॉ. अर्नोल्ड केगल यांनी या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला, आणि जगभर व्यायामाला नाव पडलं केगल. बायकांचं काम मागे राहिलं, हे आम्हाला खटकतं.

केगल यांचं एक निरीक्षण मात्र लाखमोलाचं. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, कारण पुष्कळ बायकांना तो स्नायू सापडतच नाही. त्या पोट आवळतात, नाहीतर उलट खाली जोर लावतात. म्हणून त्यांनी दाब मोजणारं एक साधन केलं. काटा हलला की बाईला कळायचं, हां, हाच तो!

पुढे पुरावेही आले. नॉर्वेत १९९९ साली छापलेल्या अभ्यासात खोकताना लघवी सुटणाऱ्या बायकांना विजेच्या उपचारापेक्षा व्यायामाचा जास्त फायदा झाला. बेल्जियममध्ये प्रोस्टेटची गाठ काढलेल्या पुरुषांना हाच व्यायाम शिकवला. तीन महिन्यांनी शंभरातल्या ८८ जणांची लघवी थांबली. न शिकवलेल्यांत ५६ जणांची. तो अभ्यास २००० सालचा. म्हणजे झोळी पुरुषालाही असते, बरं का.

आपल्याकडे काय? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या. तो अभ्यास १९८९ मध्ये छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी तपासणी झाली होती फक्त आठ जणींची. बाकीच्या अंगावर काढत होत्या. असं गप्प राहता राहता बाई थेट ऑपरेशनच्या टेबलावर पोचते, आणि व्यायाम तिला कुणी शिकवलेलाच नसतो.

तर करायचं असं. चारचौघांत वारा सरायला आला तर आपण जसं आवळून धरतो, तसं आवळून आत, वर ओढायचं. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. जमेल तेवढे सेकंद धरायचं, सोडायचं. असं किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करू नका. नीट जमतंय का, हे फिजिओथेरपिस्ट ताईंकडून एकदा तपासून घ्या. अंग पूर्ण बाहेर येत असेल, लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी अडली, तर व्यायामाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आणि घरात कुणाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्यांनाही हे आधीच शिकून घ्यायला सांगा. ते लाजतील, तुम्ही विचारा.