बॅटरीच्या उष्णतेचा ताळा

लिथियम-आयन बॅटरी किती तापेल हे संगणकावर काढून मोजणीशी ताडून पाहण्याचा पाया, ही बॅटरी बाजारात येण्याआधीच घातला गेला. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील बर्नार्डी, पॉलिकोव्स्की आणि न्यूमन यांनी १९८५ मध्ये कोणत्याही बॅटरीला लागू पडणारे ऊर्जासंतुलनाचे समीकरण मांडले. पुढे त्यातली दोन पदे सर्रास वापरात आली. पहिले अंतर्गत रोध वगैरेंमुळे वाया जाणाऱ्या ऊर्जेचे, म्हणजे समतोल व प्रत्यक्ष व्होल्टेजमधला फरक गुणिले प्रवाह. दुसरे एंट्रॉपीचे; त्यामुळे सेल कधी तापतो, तर कधी थोडा थंडही होतो. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल विक्रीस आणले आणि या समीकरणाला मोठे कार्यक्षेत्र मिळाले.

समीकरण हाती असले, तरी त्यात घालायचे आकडे मोजूनच मिळवावे लागतात. सेलमध्ये गुंडाळलेल्या थरांच्या दिशेने उष्णता सहज वाहते, थर ओलांडताना मात्र तिचे वहन कित्येक पटींनी मंदावते. सेलच्या बाहेरही असेच बारकावे असतात. कॅनडातील डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने २००० च्या सुमारास तापलेल्या भट्टीत सेल ठेवून प्रयोग केले, तेव्हा प्रारणाने होणारी उष्णतेची देवघेव दुर्लक्षून चालत नाही असे दिसले. धातूची उघडी डबी आणि लेबल चढवलेली डबी यांचे वागणे त्यामुळे वेगळे पडते.

पृष्ठभागावर लावलेल्या थर्मोकपलने, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडाने, सेलच्या गाभ्याचे तापमान कळत नाही. २०१० मध्ये क्रिस्तोफ फोर्जे आणि सहकाऱ्यांनी निष्क्रिय वायूच्या वातावरणात एका लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलच्या आतच थर्मोकपल बसवले. सेलला सेकंदाला दोनदा आलटून पालटून चार्ज-डिस्चार्जचे स्पंद दिले. स्थिर झालेल्या तापमानावरून उष्णतेचा रोध आणि बदलत्या तापमानावरून उष्णताधारकता निघाली. त्या आकड्यांवर उभे केलेले साधे प्रारूप पृष्ठभागावरून आतले तापमान १.५ अंश सेल्सिअसच्या आत सांगू लागले.

पॅकमध्ये शेकडो सेल एकत्र येतात आणि जोडपट्ट्यांचा संपर्करोध, सेलांमधल्या फटी, शीतकाचा प्रवाह असे नवे अज्ञात भर घालतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०१० मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात राष्ट्रीय प्रयोगशाळा, मोटार कंपन्या आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी सेलपासून पॅकपर्यंतची गणनसाधने मिळून विकसित केली.

इतके अज्ञात हाती असताना एखादा गुणांक सरकवून मोजलेल्या आलेखावर गणिताचा आलेख बसवणे सोपे असते. एका गुणांकाची चूक दुसरा झाकतो. म्हणून उष्णतानिर्मिती कॅलरीमापकात आणि उष्णतावहन स्वतंत्र प्रयोगात मोजले जाते. उरलेले गुणांक एका चाचणीवरून ठरवून निराळ्या प्रवाहाच्या किंवा निराळ्या तापमानाच्या चाचणीवर प्रारूप पारखतात. तिथेही ताळा जमला, तरच ते प्रारूप पॅकच्या रचनेसाठी वापरले जाते.