ढाळजेतलं कुत्रं

आमच्या भालकीकडं कुत्रं कुणी कोंडून ठेवत नसे. ह्याचं कारण मी खंडोबापाशी शोधतो. बिदरच्या वाटेवर, भालकी तालुक्यातच, खानापूरला मैलार मल्लण्णाचं देऊळ आहे. आदिमैलार म्हणतात ते हेच. मराठी घरांचा तो खंडोबा, कन्नड घरांचा मल्लण्णा. १९४८ पर्यंत आम्ही निजामाचे, १९५६ पासून म्हैसूरचे, पुढं कर्नाटकाचे झालो. देवाचं कुत्रं काही त्या भानगडीत पडलं नाही.

वाघ्या म्हणजे ह्या देवाचा कुत्रा. पूर्वी वाघे देवापुढं कुत्र्यासारखे भुंकत, कोटंब्यात भिक्षा घेत. बळ्ळारीकडच्या मैलारला गोरवय्या, म्हणजे तिकडचे वाघेच, दोणीभोवती जमून, भुंकत, तोंडानं दूध-केळी खातात. आणि लंगर! माळेगावला, जेजुरीला वाघ्या लोखंडी साखळी एका हिसक्यात तोडतो, लोक भंडारा उधळतात. देवाच्या कुत्र्याचा पराक्रम साखळी तोडण्यात मानणाऱ्या मुलखात घरच्या कुत्र्याला साखळी कोण घालणार? पंडितांना पटो न पटो, मला तरी ही सांगड लागते.

आमचं घर माळवदाचं. दारातून आत आलं की ढाळज, पुढं अंगण, मग ओसरी. कुत्र्याची हद्द ढाळजेपर्यंत. आजी रोज शेवटच्या पिठाची चानकी थापायची, तव्यावर जरा करपू द्यायची, ढाळजेच्या कोपऱ्यातल्या दगडी कुंडीत कुस्करून वर ताक ओतायची. ओसरीची पायरी चढलं की एकच शब्द, "हाड!" एवढंच काय ते शिक्षण. चंपाषष्ठीला मात्र भरीत-रोडग्याचा नैवेद्य आधी त्याला, मग आम्हाला. पिल्लू लहान असलं तर रात्री डालग्याखाली झाकायचं, बैलाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. ते मोठं झालं की डालगं परत कोंबड्यांना. बाहेरचे विधी बाहेरच उरकत. दार उघडंच असे, शिकवायचं काय?

कुत्र्याचा खराखुरा पिंजरा इकडच्या माणसानं पाहिला तो रेल्वेत. गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी लोखंडी खण असे, अजूनही असतो. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८९० च्या रेल्वे कायद्यानं जादा किंमत आधी न सांगितलेल्या जनावराच्या भरपाईची कमाल ठरवली होती: हत्ती-घोड्याला ५०० रुपये, कुत्र्याला १०. मेंढी-गाढवाच्या पंगतीत बसवलं होतं त्याला.

आता पुण्यात नातवानं फ्लॅटमध्ये पिल्लू आणलंय आणि सोबत तारेचा पिंजरा; ते क्रेट म्हणतात. "आबा, ही जेल नाही, त्याची खोली आहे," म्हणाला. मी आधी नाक मुरडलं, मग दोन दिवस बघत बसलो. दार सताड उघडं, आत जुनी सतरंजी, जेवणाचं ताटलं आतच. पिल्लू आपणहून जाई, झोपे. युक्ती सोपी आहे: झोपायची जागा घाण करायची नाही, ही खोड पिल्लात जात्याच असते. म्हणून पिंजरा उभं राहता, वळता, पाय ताणून निजता येईल एवढाच हवा. ऐसपैस घेतला तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात कार्यक्रम उरकतं. उठलं, जेवलं की लगेच खाली न्यायचं.

चौथ्या मजल्यावर ढाळज कुठून आणणार? तिथं हा पिंजरा चालेल, असं माझं मत झालंय. गॅलरीत दिवसभर साखळीला बांधण्यापेक्षा तर कितीतरी बरा. फक्त पहिले काही दिवस दाराला कडी लावू नका, तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांवर आत ठेवू नका, आणि चप्पल कुरतडली म्हणून शिक्षेला तर त्यात मुळीच घालू नका.