थंडीत जुनी डिझेल गाडी सकाळी स्टार्ट होत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

चांदवडला लागूनच असलेल्या निफाडमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये पारा २ अंश सेल्सिअसच्या खाली गेला होता. चांदवड, देवळा, निफाड या पट्ट्यात थंडीचे हे दिवस आणि लाल कांद्याच्या आवकेचे दिवस एकच. रात्री भरून ठेवलेली पिकअप सकाळी लासलगाव नाहीतर पिंपळगावच्या लिलावाला वेळेत पोहोचायला हवी असते, आणि चावी फिरवली की नुसतंच ‘कट्’ होतं.

अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो. काही हजार रुपये घालून नवी बॅटरी बसवली जाते आणि पुढच्या थंडीच्या लाटेत गाडी पुन्हा अडते. दोष बॅटरीत असू शकतो, पण तो तारेत, अर्थिंगमध्ये, सेल्फमध्ये किंवा हीटर प्लगमध्येही असू शकतो. साध्या डिजिटल मल्टीमीटरने हे घरच्या घरी ओळखता येतं. अट एकच: तपासणी पहाटे, इंजिन थंड असतानाच करायची. अकरा वाजता गॅरेजला नेलेली गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि दोष सापडतच नाही.

थंडीत नेमकं काय बिघडतं?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. थंडीत तीन गोष्टी एकदम विरोधात जातात. ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला सेल्फला जास्त करंट लागतो. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावल्याने ती कमी करंट देते. आणि गार लोखंड दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतं. त्यामुळे वर्षभर कसंबसं चालून गेलेलं ढिलं कनेक्शन आता उघडं पडतं.

बॅटरीचं खरं नुकसान मात्र उन्हाळ्यात झालेलं असतं. उष्णतेने आतल्या प्लेटा लवकर झिजतात. हिवाळा फक्त ते दाखवून देतो.

आधी कान आणि डोळे वापरा

- काहीच आवाज नाही, मीटरचे दिवेही मंद: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे.
- दिवे चांगले, पण नुसतं ‘कट्’: जाड तार, अर्थिंग किंवा सेल्फचा सोलेनॉइड.
- दिवे चांगले, ‘कट्’सुद्धा नाही: चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर.
- सेल्फ रडत रडत फिरतो: बॅटरी, जाड तारा किंवा सेल्फ स्वतः.
- सेल्फ जोरात फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो: डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. हीटर प्लग तपासा.
- सेल्फ जोरात फिरतो, धूर अजिबात नाही: डिझेलच पोहोचत नाही. पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड किंवा लाइनमधली हवा.

तपासणी १: बॅटरी

संध्याकाळी गाडी बंद केल्यावर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, दहा मिनिटांनी व्होल्टेज घ्या. पहाटे चावी लावण्याआधी पुन्हा घ्या. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० किंवा खाली म्हणजे जवळपास रिकामी.

रात्रीतून आकडा बराच घसरला तर दुसऱ्या रात्री बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. तरीही घसरला तर दोष बॅटरीत. घसरला नाही तर गाडीत कुठेतरी करंट गळतोय: टेप, जीपीएस, नंतर जोडलेले दिवे किंवा अल्टरनेटरचा डायोड.

संध्याकाळचाच आकडा कमी असेल तर चार्जिंग बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

तपासणी २: तारा आणि अर्थिंग

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. इलेक्ट्रिशियन तारेची कंटिन्युइटी बघतो, मीटर ‘पीं’ वाजतं आणि तार ‘ओके’ ठरते. पण मीटर तारेतून अगदी नगण्य करंट सोडतं, तर थंड इंजिनाचा सेल्फ २०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त खेचतो. गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहम रोध असला तरी २०० अँपिअरला तिथेच २ व्होल्ट खर्च होतात. एवढा बारीक रोध साध्या मीटरला दिसत नाही. म्हणून मोजमाप सेल्फ फिरत असतानाच घ्यायचं.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मीटर डीसी व्होल्टवर. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा किंवा बंद करायचा नॉब ओढून धरा. सोबतच्या माणसाला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि प्रत्येक वेळी एकेक मोजा:

- बॅटरीच्या दोन्ही खांबांवर: आकडा ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. बॅटरी पूर्ण चार्ज असूनही गेला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जाम होऊन जादा करंट खातोय.
- पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत: ०.५ व्होल्टपेक्षा कमी.
- निगेटिव्ह खांबापासून इंजिनाच्या उघड्या लोखंडापर्यंत: ०.३ व्होल्टपेक्षा कमी.
- सोलेनॉइडच्या बारीक वायरवर, अर्थच्या तुलनेत: जवळपास बॅटरीवर दिसतो तेवढाच आकडा. दीड-दोन व्होल्ट कमी असेल तर चावीच्या स्विचचे पॉइंट जळालेत. तिथे रिले बसवला की बऱ्याचदा काम होतं.

मीटरच्या पिना टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, तर बॅटरीच्या शिशाच्या खांबावरच टेकवा. नाहीतर क्लॅम्पखालचा गंज मोजमापातून सुटतो. मीटर अँपिअरवर ठेवून सेल्फ कधीही मारू नका. १० अँपिअरचं मीटर तिथे टिकत नाही.

इंजिन ते चासी जाणारी अर्थिंगची पट्टी जुन्या पिकअपमध्ये हमखास गंजलेली सापडते. ती काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. खर्च जवळजवळ शून्य.

तपासणी ३: हीटर प्लग

आधी आपल्या इंजिनाला हीटर प्लग आहेत का ते बघा. प्यूजोच्या परवान्याने बनलेल्या महिंद्राच्या एक्सडी३पी सारख्या प्री-चेंबर इंजिनांना ते लागतात. आपल्याकडच्या जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांना ते असतीलच असं नाही.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागून विझला म्हणजे प्लग तापले, असं नाही. अनेक गाड्यांत तो फक्त टायमरची वेळ सांगतो. चावी हीटिंगवर असताना प्लगच्या पट्टीवर ११ व्होल्टच्या आसपास येतात का बघा. येत नसतील तर रिले किंवा मोठा फ्यूज तपासा.

व्होल्टेज येत असेल तर चावी बंद करून पट्टी काढा आणि प्रत्येक प्लगचं टोक ते इंजिन असा रोध मोजा. दोन पिना एकमेकींना लावून येणारा आकडा आधी वजा करा. साधारण १ ओहमच्या आसपास आला तर प्लग ठीक. काहीच दाखवत नसेल तर मेला. चारातला एक गेला तर इंजिन थरथरत, पांढरा धूर सोडत सुरू होतं. दोन-तीन गेले की सुरू होणंच अवघड.

तपासणी ४: स्टॉप सोलेनॉइड

रोटरी पंपावरचा हा सोलेनॉइड चावी ऑन केल्यावर ‘टिक’ वाजला पाहिजे. वाजत नसेल तर वायरवर १२ व्होल्ट आहेत का बघा. वायरवर आहेत आणि आवाज नाही, तर सोलेनॉइड गेला.

हे टाळा

- हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो. पिस्टन फुटू शकतो.
- एअर फिल्टरपाशी पेटता बोळा धरू नका.
- बॅटरीजवळ विडी-काडी नको, तिच्यातून हायड्रोजन निघतो. तार काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.
- दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग सेल्फ मारू नका. मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा.
- भरलेली गाडी उतारावरून ढकलून सुरू करणं राहुड घाटासारख्या भागात धोक्याचं आहे. व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक होतो.

पहाटे घेतलेले हे आकडे तारखेसह वहीत लिहा आणि इलेक्ट्रिशियनकडे तेच घेऊन जा. ‘सकाळी चालू होत नाही’ असं सांगितलं की अंदाजाने पार्ट बदलले जातात. ‘सेल्फ मारताना अर्थिंगवर १.४ व्होल्ट पडतात’ असं सांगितलं की तो थेट त्या जोडापाशी जातो.