रोजगार हमीचे हजेरीपट : एक उपेक्षित साधन

पेशवाईच्या दप्तरांत अवर्षणाच्या सालीं दिलेले कौल, तगाई व साऱ्याची सूट यांचे कागद आढळतात. त्यांत सरकारची कृपा दिसते. रयतेचा हक्क दिसत नाहीं. पुढें १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजी अमलांत दुष्काळाचे नियम झाले, तरी दुष्काळ जाहीर करणें सरकारच्याच हातीं राहिलें. ह्या परंपरेंत महाराष्ट्र सरकारनें जो पालट केला, त्याच्या साधनांचा विचार आम्हांस येथें कर्तव्य आहे.

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. १९७२ सालीं योजना निघाली. पण लगेच मोठा दुष्काळ पडल्यानें ती बाजूस ठेवून दुष्काळी कामें काढावीं लागलीं. १९७३ च्या मे महिन्यांत त्या कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें होतीं. १९७५ सालीं योजनेच्या खर्चासाठीं व्यवसायकर बसविला. शहरांतील पगारदाराचा पैसा अशा रीतीनें खेड्यांतील मजुराकडे वळला. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. मजुरानें काम मागावें, सरकारनें तें १५ दिवसांत द्यावें, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा, असें त्यांत ठरलें. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहणें उरलें नाहीं, हाच खरा पालट होय. २००५ सालीं केंद्रानेंही अशाच हमीचा कायदा केला.

भिवंडी यंत्रमागांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु त्या भागांतील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबें पावसाळा सरतांच उचल घेऊन जात आलीं आहेत. उचल फिटेपर्यंत त्यांस सुटका नसे. अशा कुटुंबास गांवाजवळ हक्काचें काम वेळेवर मिळालें काय, हीच कायद्याची कसोटी. तिचें उत्तर शासननिर्णयांत सांपडणार नाहीं. तें हजेरीपटांत शोधलें पाहिजे. तेथें मजुराचें नांव, कामाचे दिवस, मजुरी व अंगठा एकाच ओळींत येतात. खोटीं नांवें घातल्याच्या तक्रारी राज्यांत वारंवार झाल्या आहेत. तेव्हां अस्सल व बनावट कागद पारखण्याची जी दृष्टि आपण सनदांस लावतों, तीच येथेंही लावावी लागेल.

ज्यांच्या पूर्वजांची नोंद कोणत्याही बखरींत नाहीं, त्यांचीं नांवें ह्या पटांवर आहेत. मुदत संपलेले सरकारी कागद रद्दींत जातात. संग्राहकांच्या दृष्टीस असे पट पडल्यास ते वेळींच राखावे, एवढीच आमची विनंति आहे.