प्रोफेसर केळफांचा बायोडेटा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा बायोडेटा १९११ साली आजच्या एखाद्या एचआरच्या हाती पडला असता, तर तो तिसऱ्या ओळीपुढे वाचला गेला नसता. वय चाळिशीपार, सध्या बेकार. आधीचं काम? कुठलं सांगायचं!

त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांच्या घरात १८७० साली जन्मलेला हा मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तिथून बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, मातीकाम, वास्तुकला, फोटोग्राफी, दिसेल ते शिकला. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं, स्टुडिओही सुटला. मग नाटकांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून ‘प्रोफेसर केळफा’ नावाने प्रयोग केले (फाळके उलटं वाचा). पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी मिळाली, ती स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली. लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना घातला, तो पुढे दादरला आणला, तीनरंगी छपाई बघायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंद्याला बरकत होती, पण भागीदारांशी बिनसलं आणि फाळके बाहेर पडले.

आपल्याकडे अशा माणसासाठी एक शब्द तयार असतो : धरसोड्या. नातेवाईक तो लग्नकार्यात वापरतात.

त्याच सुमारास गिरगावात त्यांनी येशूच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना राम-कृष्ण दिसू लागले. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, आणि ‘एका क्षणात आयुष्य बदललं’ या साच्यात ऐकतो. मला तो साचा पटत नाही. त्या खेळाला आणखी शेकडो माणसं बसली होती. ती घरी जाऊन जेवली. पडद्यावरचं चित्र कसं हललं असेल हे ओळखायला आधी फोटोची काच धुतलेली असावी लागते, नजर कशी फसते हे जादूगार म्हणून ठाऊक असावं लागतं. फाळक्यांची वीस वर्षं वाया गेली नव्हती. ज्या धंद्याला हे सगळं एकदम लागतं, तो धंदा या देशात अजून सुरू व्हायचा होता, इतकंच.

पुढचं त्यांनी कारागिरासारखं केलं. रोज सिनेमे बघून आणि घरी प्रयोग करून डोळे इतके ताणले की काही काळ दिसेनासं झालं. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी आधी परावृत्तच केलं, मग सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओची वाट दाखवली. फाळके विल्यमसन कॅमेरा ठरवून परतले. पैसेवाल्यांना पटवायला त्यांनी भाषण केलं नाही. कुंडीत वाटाणा पेरला, ठराविक वेळाने एकेक चित्र घेत गेले, आणि महिनाभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर उगवून दाखवली. भांडवल मिळालं. एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

मात्र आवडीचं काम सापडलं म्हणून स्वभाव बदलत नाही. १९१८ मध्ये नाशिकला भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली आणि छापखान्यातलंच भांडण नव्या पत्त्यावर सुरू झालं. फाळके रुसून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, परत आले. बोलपट आल्यावर त्यांची जादू मागे पडली. १९३७ च्या ‘गंगावतरण’नंतर त्यांच्या हातून चित्रपट झाला नाही. १९४४ मध्ये नाशिकला ते गेले, तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं.

‘आवडीचं काम शोधा’ असं सांगणारे व्हिडिओ आपण स्क्रोल करत असतो. त्यात खर्चाचा हिशेब क्वचित असतो. फाळक्यांच्या घरी तो सरस्वतीबाईंनी भरला. त्यांचे दागिने गहाण पडले. तेव्हा कच्ची फिल्म कडांना भोकं न पाडलेली यायची. अंधाऱ्या खोलीत बसून यंत्राने ती भोकं पाडायचं काम बाईंचं. फिल्म धुणं, रसायनं कालवणं त्या शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायला उभ्या राहिल्या. आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक तर होताच. तारामती होण्याबद्दल त्यांना विचारलं तेव्हा त्या नाही म्हणाल्या, असं सांगतात. बाकीची इतकी कामं असताना तेही कोण करणार!

फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात या दिवसांवर लेखमाला लिहिली. सरस्वतीबाईंनी स्वतः लिहिलेलं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. अंधारात बोटांनी फिल्मची कड चाचपताना हे काम त्यांना आवडायला लागलं होतं का, हे मला त्यांनाच विचारायचं होतं.